ठोके देणारी पिंड

चारठाण्याच्या पुढं, ओढ्याकाठच्या त्या टेकडीवर सोमवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. वर मांडव, मांडवात दगडी गोमुख आणि गोमुखातून करंगळीएवढी पाण्याची धार अखंड पडत होती. ओढा तीस फूट खाली. आता पाणी वर चढवण्यात नवल ते काय? मोटार लावली की चढतं. पण इथं मोटार नव्हती, विजेची तार नव्हती, इंजिनाचा धूर नव्हता. ओढ्याच्या कडेला खड्ड्यात भस्म फासलेली, गुडघ्याएवढी काळी पिंड होती आणि ती चक्क ठोके देत होती. धक्, धक्, धक्! मागच्या उन्हाळ्यात ओढा खोल करताना मातीखाली सापडली म्हणे.

माइक योगीराज बापूंच्या हातात होता.

"इंजिनियर आले, माना हालवून गेले! डॉक्टर आले, नळी लावून गेले! कुनाला उमगलं न्हाई. अरे, तुमच्या शास्त्राला पानी खाली वाहतं एवढंच ठावं हाय. हे भोलेनाथाचं काळीज हाय! तीन दिवस तीर्थ प्या, दवा-सुई सोडा. साखर, मुतखडा, समदं धुऊन जाईल!"

साखरेच्या रोग्याला तीर्थासोबत प्रसादाचा पेढाही मिळत होता. बापूंचं वैद्यक असं दोन्ही हातांनी चाललेलं.

गर्दीतून वाट काढत चंद्रप्पा मांडवात पोचला. जिंतूरला पन्नास वर्षं पंप आणि इंजिनं दुरुस्त केलेला हा म्हातारा पेढ्याला किंवा तीर्थाला आला नव्हता. त्याची अकरा वर्षांची नात स्वप्ना इथं होती. चार वर्षांपासून तिला रोज इन्सुलिन लागायचं. मुलगा शंभुराज आणि सून राजेश्री म्हाताऱ्याला न सांगता तिला इथं घेऊन आले होते आणि दोन दिवस सुई बंद होती.

स्वप्ना आईच्या मांडीवर निपचित पडली होती. ओठ वाळलेले, श्वास खोल आणि भराभर. सकाळपासून तीन उलट्या झाल्या होत्या.

"राजेश्री, उचल तिला. खाली जीप उभी हाय. दवाखान्यात जाऊ."

"मामा, उद्याच्याला तीन दिवस भरत्यात. मधीच उठलं तर कोप होतो म्हनत्यात."

"अगं, उद्यापर्यंत पोरगी ऱ्हायची न्हाई!"

"अप्पा," शंभुराज मधे पडला, "चार साल झाले, रोज लेकराला टोचायलोत. एकदा देवालाबी करू द्या की. पानी चढायलंय का न्हाई, तुमीच डोळ्यानं बघा."

म्हणजे सगळं त्या पाण्यावर येऊन थांबलं होतं. चंद्रप्पा तसाच टेकडी उतरून खड्ड्यात शिरला. सेवेकरी धावले, तोवर त्याने धोतराच्या सोग्यानं पिंडीवरचं भस्म पुसलं. खाली ओतीव लोखंड निघालं. त्यावर झिजलेली इंग्रजी अक्षरं होती, त्यातला एक शब्द स्वच्छ वाचता येत होता: पेटंट.

चंद्रप्पानं कपाळावर हात मारला. उमेदवारीच्या दिवसांत उस्तादांबरोबर त्याने असलं यंत्र एका बागेत दुरुस्त केलं होतं. हायड्रॉलिक रॅम! सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपात निघालेला पंप. निजामाच्या अमदानीत कुण्या जागीरदारानं बागेसाठी आणून बसवला असणार. त्याने झेंडूचा ढीग बाजूला सारला. खाली झडप होती आणि तिला ट्रॅक्टरच्या ट्यूबचं नवंकोरं रबर लावलेलं होतं, म्हणजे कुणीतरी हल्लीच ती दुरुस्त केली होती.

त्याने झडप वर उचलून धरली. ठोके थांबले. वर गोमुखाची धार बारीक होत होत बंद पडली आणि मांडवातून किंकाळी उठली. लोक खड्ड्याभोवती गोळा झाले.

"ऐका!" चंद्रप्पा ओरडला. "वरच्या बंधाऱ्यातून नळीनं पानी जोरात खाली येतं. जोर वाढला की ही झडप धाडकन मिटते, तोच तुमचा ठोका! अडलेल्या पान्याचा धक्का थोडं पानी ह्या घुमटात ढकलतो. आत हवा कोंडलेली हाय, ती दाबून त्येला बारक्या नळीनं वर पाठवती. बाकी समदं पानी ओढ्यात वाया जातं. अन् ह्यावर पेटंट लिवलंय. पेटंट म्हंजी यंत्र कसं चालतं ते चित्र काढून, लिहून सरकारात द्यायचं, कुनीबी वाचावं. ज्यानं हे शोधलं त्यानं काई लपवलं न्हाई. लपवलं ते ह्या बापूनं, फुलाखाली!"

"कोप होईल!" बापू किंचाळले.

"कशाचा कोप? हे बघा." चंद्रप्पानं झडप हातानं चार वेळा खाली दाबली, मग ती आपली आपण चालू लागली. धक्, धक्, धक्. थोड्या वेळानं वर धार पुन्हा सुरू झाली.

मग कस्तुराबाई नावाची एक म्हातारी खड्ड्यात उतरली आणि तिने चंद्रप्पाचे पाय धरले.

"देवाचं काळीज थांबवलं अन् चालूबी केलं! देव ह्यांचं ऐकतो गं बाई!"

"आजी, पाय सोडा. रबर बघा, रबर!" रबर कुणीच बघेना. बापू मोठे वस्ताद. त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून चंद्रप्पाच्या गळ्यात घातला. "हेच ते सिद्धपुरुष! मला दृष्टांत झाला होता!"

चंद्रप्पा ओरडून ओरडून थकला. तेवढ्यात लेकीला खांद्यावर टाकून राजेश्री आली. तिच्या डोळ्यांत आता शंका नव्हती.

"मामा, तुमी सांगा. तुमी म्हनाल तसं करते."

खरं ते तो मघापासून सांगतच होता. त्याच्या गळ्यात इष्टलिंग होतं आणि देवाच्या नावानं तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. त्याने स्वप्नाकडे पाहिलं. तिचे डोळे फिरले होते.

"देवाची आज्ञा हाय," तो कसाबसा म्हणाला. "पोरीला दवाखान्यात न्या. सुई कधी बंद करू नका."

हर हर महादेवचा गजर झाला आणि जीपला वाट मिळाली.

स्वप्ना वाचली, नऊ दिवसांनी घरी आली. पुढच्या सोमवारी मांडवात चंद्रप्पाची तसबीर लागली. त्याने जाऊन ती उतरवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागली. त्या म्हाताऱ्याला आता घास गोड लागत नाही.

वाचकहो, चमत्कार दिसला की पाया पडण्याआधी खड्ड्यात उतरा, फुलं बाजूला करा, झडप स्वतःच्या हातानं उचलून बघा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय लेकराची सुई बंद करू नका. दर वेळी खोटं बोलून त्याला वाचवायला चंद्रप्पा तिथं असणार नाही.