शेपटाचं जॅकेट

आज सामान घेऊन मागून येणाऱ्या टेम्पोत बसावं लागलं तर सायकल विकायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही, असं ताईंनी सकाळीच कबूल केलं होतं. अट घालणारा कोण, तर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, त्या ज्या सायकल गटाबरोबर सहलीला निघाल्या होत्या त्याचा कॅप्टन. ज्याला सायकल शिकवताना ताई सीट धरून गल्लीभर धावल्या होत्या, तो आता त्यांना अटी घालत होता. आता बोला.

वर्षापूर्वी आपल्या चष्म्याच्या दुकानात वरच्या फळीवरची फ्रेम काढताना ताई स्टुलावरून पडल्या आणि गुडघा बदलावा लागला. डॉक्टर म्हणाले चाला, सायकलही चालवा. घरच्यांनी तेवढं सोडून बाकी सगळं ऐकलं. मुलाने काउंटरमागे गादीची खुर्ची आणली. सून पाण्याचा पेला हातात देऊ लागली. गिऱ्हाईकसुद्धा म्हणायचं, बसा हो, उठू नका. ऐकून ऐकून ताईंचे कान किटले. त्यांच्या सासूबाईंनाही असंच मायेने बसवलं होतं. त्या बसल्या त्या पुन्हा काही उठल्या नाहीत. म्हणून आजचा दिवस ताईंना सायकलवरूनच पार पाडायचा होता, तळ्याकाठच्या मुक्कामापर्यंत.

या गटाची एक पद्धत होती. वळण आलं की पुढच्यांपैकी एकाने तिथे थांबायचं आणि हात लांब करून मागच्यांना रस्ता दाखवायचा. सगळ्यांत शेवटी येणारा तो शेपूट, आणि शेपटाने पिवळं जॅकेट घालायचं. पिवळं दिसलं की समजायचं, सगळे गेले, आता आपणही निघावं. डोकं न लावता चालणारी पद्धत. आणि डोकं लावावं लागत नाही ना, तिथेच माणूस शेण खातो.

दुपारी कालव्याकाठी डबे खाऊन झाल्यावर कॅप्टनने शेपटाचं काम करणाऱ्या दाढीवाल्याच्या अंगातलं जॅकेट काढून घेतलं आणि ताईंपुढे धरलं.

"ताई, तूच घाल. नाहीतरी शेवटी तूच असणार. हा बिचारा उगाच तुझ्यामागे रखडतो."

सगळे हसले, आणि तेही अगदी प्रेमाने. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी जॅकेट चढवलं, बाटली भरली आणि सायकलवर टांग टाकली.

पुढे चढ होता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं. अर्ध्या चढावर दाढीवाला आणि दातांचे डॉक्टर नवराबायको सावलीत केळी सोलत बसले होते.

"ताई, या, थोडं टेका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुमचं चालू द्या सावकाश," ताई म्हणाल्या आणि हलक्या गिअरवर पाय मारत पुढे गेल्या. असा आनंद त्यांना वर्षभरात झाला नव्हता. तो थोडा दुष्टच होता, पण होता.

चढ संपल्यावर वीटभट्टीपाशी रस्त्याला दोन फाटे फुटत होते. तिथे खुद्द कॅप्टनच हात लांब करून उभा होता. त्याने पिवळं पाहिलं, हात खाली घेतला आणि ताईंबरोबर निघाला. ना मागे वळून पाहिलं, ना काही विचारलं.

पुढच्या गावच्या चहाच्या टपरीवर कळलं की मागची तिघं आलीच नाहीत. फोनला रेंज नव्हती. कॅप्टनचा चेहरा उतरला आणि मग चढला.

"पिवळं घालून तू पुढे आलीस कशी?"

"पाय मारत आले."

"चेष्टा नको, ताई. शेपटाने शेवटी राहायचं असतं, एवढंही कळत नाही तुला?"

"मला शेपूट केलं कुणी? जॅकेट देताना तू माझा गुडघा पाहिलास, माझी सायकल नाही पाहिलीस. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस."

बाकीच्यांना एकदम आपापल्या चहात फार गोडी वाटू लागली. कॅप्टनने कप खाली ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाला, "बरं, चूक माझी. मी मागे जाऊन त्यांना आणतो. टेम्पो येईल, तू त्यात बस. अट रद्द. सायकल विकायची नाही, काही नाही. फक्त बस."

इतकं सोपं झालं होतं सगळं. सायकलही राहणार होती आणि मानही. पण 'फक्त बस' हे शब्द ताईंना गादीच्या खुर्चीसारखे वाटले. त्यांनी हँडल फिरवलं.

"माझ्यामुळे चुकले ना ते? मग मीही येते."

तिघं सापडली ती वीटभट्टीच्या दुसऱ्या फाट्याच्या शेवटी, उताराच्या पायथ्याशी, एका बंद फाटकासमोर. रस्ता कुणाचा चुकला यावरून डॉक्टर नवराबायकोत जुंपली होती. आता तो सगळा उतार पुन्हा चढायचा होता. ती तिघं भराभर पुढे गेली. ताई मात्र चढावर उतरल्या आणि सायकल ढकलत चालू लागल्या. गुडघ्यातून कळा येत होत्या. कॅप्टनही उतरला.

तेवढ्यात समोरून टेम्पो आला, त्यांना शोधतच. ड्रायव्हरने दार उघडून सायकल उचलायला हात पुढे केला. ताईंनी सायकल सोडली नाही.

"ताई, हट्ट पुरे," कॅप्टन म्हणाला. "ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली होती. तीन वेळा पेन हातात घेऊन खाली ठेवलं. पुन्हा ते होणार नाही माझ्याच्याने. मला भीती वाटते."

वर्षभरात हे त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. ताईंचे डोळे भरून आले, पण सायकलवरची पकड सुटली नाही.

"वाटू दे की भीती. मलाही वाटते. पण तुझ्या भीतीपायी मी बसायचं, हा कुठला न्याय? तुझी तू सांभाळ, माझी मी सांभाळते."

कॅप्टनने टेम्पोचं दार स्वतःच लावलं. मग ड्रायव्हरला म्हणाला, "तू हो पुढे. सांग त्यांना, आम्हाला उशीर होईल."

टेम्पो वळून गेला. दोघं ढकलत ढकलत वर आली. माथ्यावरून लांबवर तळं दिसत होतं. ताई पुन्हा सायकलवर बसल्या.

"दुखतोय का गं?" त्याने विचारलं.

दिवसभरात हा प्रश्न कितीदा आला होता, आणि दर वेळी ताईंनी धडधडीत खोटं सांगितलं होतं, कारण खरं सांगितलं असतं तर टेम्पोत बसवलं असतं.

"दुखतोय," त्या म्हणाल्या. "खूप दुखतोय."

तो फक्त "बरं" म्हणाला आणि त्यांच्या बाजूने सायकल चालवू लागला.