कापलेली कड

“कडा सरळ काप, पोरी. कात्रण कसं, घडीच्या रुमालासारखं दिसलं पाहिजे!” — जुन्या ग्रंथपालबाई निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज तिच्या कात्रीच्या पात्यांत अजून मुक्कामाला होता. आज एका वाचकानं जुना अंक मागितला, म्हणून तिनं बांधीव खंड उघडला, आणि समोर आलं ते पान... तिनं पिशवीतलं, वाचनालयाच्या जादा प्रतीतून कापलेलं आपलं कात्रण काढून त्यावर ठेवलं. अगदी तेच, फक्त खालची बोटभर पट्टी तिच्याकडे नव्हती. त्या पट्टीत मुंगीएवढ्या अक्षरांत एकच शब्द होता — जाहिरात.

म्हणजे ‘बटाटा : मधुमेहींचा छुपा शत्रू’ हे कुणा जाणत्याचं म्हणणं नव्हतंच, कसलीशी भुकटी विकणाऱ्याचं होतं!

दोन वर्षं तिनं मधुमेही मामंजींच्या ताटात बटाट्याला फिरकू दिलं नव्हतं. वाचनालयात कुणी काही म्हणालं, की लेखक कोण, साल कोणतं, पान सांगा... आणि घरी? घरी वाचनालयाचा शिक्का पाहून मान डोलावली. आणि तो शिक्का मारला होता तिनंच! मामंजीही असे, की साऱ्या गल्लीशी हुज्जत घालतील, पण तिनं कात्रण पुढे केलं की मुकाट. “आमची सूनबाई पुस्तकांत राहते, ती उगाच बोलायची नाही.” ... न सांगताच उद्यापासून भाजीत दोन फोडी सोडल्या तर? कुणाला कळतंय! पण सकाळी देवापुढे बसायचं असतं, तिथं कुठली कड कापणार होते मी?

तिनं मामंजींना फोन लावला. सगळं सांगून टाकलं. पलीकडून एकदम खो खो हसू.

“म्हणजे दोन वर्षं मी त्या भुकटीवाल्याच्या धाकात होतो?”

“त्याच्या नाही, मामंजी. माझ्या.”

“ते जाऊ दे. संध्याकाळी बटाटा?”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण जाहिरात निघाली म्हणून बटाटा निर्दोष — हेही पुन्हा मीच ठरवायचं?

“डॉक्टरीणबाईंना विचारते. आजच. चालेल का, किती, कसा... हो म्हणोत नाहीतर नाही, जे म्हणतील ते जसंच्या तसं सांगेन. शब्द देते.”

“सही घेऊन ये त्यांची! तुझ्या शिक्क्यावर आता भरवसा नाही.”

मधली सुट्टी झाली. तिनं चपला घातल्या. दोन वर्षं डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात औषधांच्या चिठ्ठ्या घ्यायला ती जात होती, आणि हा साधा प्रश्न कधी तोंडातून निघाला नव्हता — विचारायचं कशाला, आपल्याला ठाऊकच होतं ना! आता रस्त्यानं जाताना ती तो पुटपुटून बघत होती, शाळेतल्या मुलीसारखी, शब्द मागेपुढे करत... उत्तर काय येईल कोण जाणे, पण आपल्याला ते येत नाही याचंच तिला गंमतशीर, हलकं हलकं वाटत होतं. आणि समोरून येणाऱ्या कुणा अनोळखी बाईकडे पाहून ती उगीचच हसली.