पहिला सूर, दाराच्या आतून

"निवडा मावशी, अख्खा हंगाम तुमचा आहे," व्यवस्थापक म्हणाले.

सभागृहाच्या काचपेटीत येत्या मैफलींची चित्रं लागली होती आणि मावशी त्यांच्यापुढे हरखून उभ्या होत्या. निवृत्तीची भेट म्हणून कुठल्याही एका मैफलीच्या दोन खुर्च्या त्यांना मिळणार होत्या. जन्म गेला तो दाराबाहेर. उशिरा येणाऱ्याला, मग तो कितीही बडा असो, पहिली रचना संपेपर्यंत आत सोडायचं नाही, हे त्यांचं काम. त्यामुळे शेवट त्यांनी पोटभर ऐकले होते, पण सुरुवात कधीच नाही. बंद दारातून ती यायची, तीही शेजारच्या घरात कुणी गुणगुणावं तेवढीच.

त्यांनी व्हायोलिनवाल्या म्हाताऱ्या बाईंवर बोट ठेवलं.

"अहो, त्या फार हळू सुरुवात करतात म्हणे," घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा निवृत्त बसचालक.

"हळू? मग मला झोप लागणार."

"लागू दे. शेजारी बसा म्हणजे झालं."

मग मावशींचं कशात लक्ष लागेना. भांडी घासता घासता हात पाण्यातच राहायचे आणि अजून न वाजलेला तो सूर ऐकू येतोय असं वाटत राहायचं. मैफलीच्या दिवशी तर त्यांना घरात दम निघेना. नवऱ्याचे बूट दुरुस्तीहून यायचे होते, म्हणून त्या एकट्याच पुढे निघाल्या.

दिवे मंदावले तरी शेजारची खुर्ची रिकामीच. बाईंनी व्हायोलिनचा गज उचलला. दारावरची नवी मुलगी, मावशींनीच तयार केलेली, दार ओढणार तोच फटीत नवरा दिसला, धापा टाकत. मुलीने मावशींकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण मावशींनी नकार दिला. दार बंद झालं.

त्यांनी डोळे मिटले. पण कान केव्हाच दाराबाहेर गेले होते. बसले असतील ना? इतके जिने चढून आलेत, कुणी पाणी तरी विचारलं असेल का? बाहेरून दाबलेला खोकला आला. मग टाळ्या झाल्या, आणि सुरुवात होऊन गेल्याचं त्यांना कळलं.

नवरा वाकून, चवड्यांवर चालत येऊन बसला.

"रागावलीस? बसमध्ये डोळा लागला. जन्मभर शेवटच्या थांब्यावरच उतरलो, मधे उतरायचं ध्यानातच येत नाही बघ. थेट डेपोत जाऊन आलो."

"असू द्या."

"कशी होती सुरुवात?"

मावशींनी त्याची कॉलर नीट केली.

"तुम्ही एकदा खोकलात," त्या हळूच म्हणाल्या, "तेवढंच ऐकलं."

बाईंनी पुन्हा गज उचलला, तेव्हा नवऱ्याचा हात मावशींच्या हातात होता आणि त्यांनी तो घट्ट धरून ठेवला होता.