माडीवरचा निळा

टेबलाचं पुढचं टोक सुकेशनीनं धरलं होतं आणि मागचं तिच्या बापानं. उलट्या पावलांनी जिना चढत ती माडीवर पोचली, टेबल अर्धं वर आलं, आणि इंद्रभान शेवटच्या पायरीच्या अलीकडे थांबले ते हलेचनात.

"बाबा, उचला न. माह्ये हात भरून आले."

इंद्रभान फळ्यांकडे पाहत होते.

"हे काय लावलं तू?"

"रंग."

"रंग हाय ते दिसते मले. आंधळा नाही झालो अजून. कोणता लावला?"

"राखाडी. कार्डावर राखाडीच होता."

"कार्ड घाल चुलीत. हा निळा हाय."

खरंच निळा होता. दुकानातल्या कार्डावर नखाएवढ्या चौकोनात तो राखेसारखा दिसला होता, डब्यातही दिसला होता. दुसरा हात वाळला तसा त्यानं आपलं खरं रूप दाखवलं. पत्र्याखालच्या उजेडात माडीभर तोच निळा पसरला होता, जो दरवर्षी चौदा एप्रिलला वस्तीच्या कमानीवर चढतो. सुकेशनीला हे कालच कळलं होतं. कळल्यावर तिनं तोंड फिरवून झाडू मारला होता.

"खाली घे," इंद्रभान म्हणाले. "मी त्यावर पाय नाही ठेवत."

"बाबा! उद्या अकराले तपासणी हाय!"

"खाली घे म्हणतो न."

टेबल जसं चढलं तसंच उतरलं.

धनजमधल्या या घराची माडी इंद्रभाननीच बांधली होती. कारंज्याला कापसाची जुनी जिनिंग मोडली तेव्हा तिथल्या सागवानी फळ्या त्यांनी लिलावात उचलल्या होत्या. चाळीस वर्षं लोकांच्या घराला चौकटी बसवल्या. त्यातल्या कितीतरी घरांत त्यांचा कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, पण चौकट मात्र त्यांच्याच हातची लागायची. आता चार दिवस ते मानोऱ्याकडे दारं बसवायला गेले होते, आणि तेवढ्यात पोरीनं हा पराक्रम केला होता.

तिचाही इलाज नव्हता. कंपनी पुण्याची. घरून काम करायचं असेल तर स्वतंत्र खोली हवी, पक्कं टेबल हवं, आणि व्हिडिओवर खोली पास झाली पाहिजे. नापास झाली तर पंधरा दिवसांत पुण्याला हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा. तिनं आधी फोटो पाठवले तर उत्तर आलं, जमीन अस्वच्छ. दिवसातून दोनदा झाडलेली जमीन! फळ्यांत मुरलेले जिनिंगच्या तेलाचे डाग त्यांना घाण वाटले. म्हणून रंग. आज रविवार. आता पुन्हा रंग द्यायचा तर दुकान बंद, आणि उघडं असतं तरी उद्या अकरापर्यंत तो वाळला नसता.

"मी सकाळीच सांगतलं तिले," खालून तिच्या आईचा, भागिरथाचा आवाज आला. "चहा पायरीवरच ठेवला मी. म्हटलं, ये माय, घेऊन जाय. माहा पाय काही वर येत नाही."

"तू चूप बस वं, माय!" सुकेशनी ओरडली. "बाबा, तुमीच सांगता न, अंधश्रद्धा पाळू नका म्हणून?"

"अंधश्रद्धा देवाची असते," इंद्रभान शांतपणे म्हणाले. "हे माह्य हाय. तीस वर्षं कमान रंगवली म्या. हात कोपरापर्यंत निळा होये, पण पायावर थेंब नाही पडू देल्ला."

आपली चप्पल आपण कालपासून पायरीवरच काढून ठेवतो, हे तिला त्या वेळी आठवलं आणि आणखीच राग आला.

खाली ठकठक सुरू झाली. तिनं वाकून पाहिलं. बाप टेबल मोडत होता.

"बाबा, काय करून राह्यले?"

"गप राह्य. जसं जोडलं तसं सोडून राह्यलो. पाय घे."

एकेक पाय वर आला, मग आडव्या पट्ट्या, मग खण. इंद्रभान जिन्यावर छातीइतके वर आले, कोपर फळ्यांवर न टेकता वरच्या पायरीवर टेकले आणि तिथून हुकूम सोडू लागले. त्यांचं डोकं फळ्यांतून उगवल्यासारखं दिसत होतं.

"खूण पाह्य. एक रेघ एक रेघेले. दोन रेघा कायले लावून राह्यली तिथं?"

"दिसत नाही मले."

"कंपूटरवर दिवसभर पाह्यतं, लाकडावरची रेघ दिसत नाही. मार ठोका. लाडानं नको मारू, ते काय लेकरू हाय?"

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. तासाभरात टेबल उभं राहिलं, आणि हलवून पाहिलं तर हललं नाही. इंद्रभानची नजर टेबलावरून मागच्या भिंतीकडे गेली.

"तो खिळा रिकामा काहून हाय?"

सुकेशनी हातोडी पुसायला लागली.

"रंगाचे शिंतोडे उडतीन म्हणून काढून ठेवला भीमबाबाचा फोटो."

"भिंतीले कधी लावला रंग?"

भिंतीला रंग लावलाच नव्हता. फोटो जिथं वर्षानुवर्षं होता तिथं चुन्याचा पांढरा चौकोन उरला होता, भोवतीची भिंत मळून गेली होती.

"उद्या चारही भिंती दाखवा लागते," ती म्हणाली. "ब्लर चालत नाही."

"मंग?"

"मंग काय मंग! पुण्यात खोली भेटली होती मले, तिसरी. बाईनं चावी हातात देल्ली. पोरगी चांगली हाय म्हणे, शांत हाय म्हणे. मी बॅग उघडली, वर असाच एक लहान फोटो होता. बाईनं फोटो पाह्यला, मले पाह्यलं. पाच मिनिटांत तिच्या पोराचा मित्र राह्याले येणार निघाला अचानक. चावी परत घेतली, वरून चहा पाजला. चहा पाजला बाबा तिनं मले! त्या चहाची चव अजून जात नाही तोंडातून."

हे इंद्रभानना आजच कळत होतं. पोरगी आठ महिन्यांत परत आली तेव्हा पाणी मानवत नाही म्हणाली होती. कंपनीच्या पडद्यावर ती 'केशनी आय.' झाली होती, तेही त्यांना माहीत नव्हतं. नावातला 'सु' उडवला की लोक पुढचं विचारत नाहीत, असा तिचा अनुभव होता.

त्यांचं डोकं खाली गेलं. ती वाट पाहत राहिली. बऱ्याच वेळानं डोकं परत वर आलं, आणि सोबत दुपट्ट्यात गुंडाळलेली फ्रेम.

"हे तुह्या खोलीतलं सामान. लाव, नको लाव, खणात ठेव. पण मले विचारू नको."

त्यांनी फ्रेम फळ्यांवर ठेवली नाही. तिनं दोन्ही हातांनी घेईपर्यंत ते तशीच धरून राहिले.

सोमवारी सकाळी फ्रेम खणात होती. बापाच्या हातचा खण आवाज न करता बंद होत होता. सुकेशनीनं खुर्ची या भिंतीकडे केली, त्या भिंतीकडे केली. लॅपटॉप उघडून स्वतःलाच पाहिलं. जिकडून पाहावं तिकडून तो पांढरा चौकोन डोळ्यांत येत होता. काहीतरी काढून लपवलंय, असं ती भिंत ओरडून सांगत होती. तिनं त्यावर कॅलेंडर धरून पाहिलं. लहान पडलं. ओढणी धरून पाहिली. येड्यासारखं दिसलं. अकराला तीन मिनिटं कमी असताना ती स्वतःशीच पुटपुटली, "डाग दिसते त्याच्यापेक्षा," आणि खण उघडला.

"नमस्कार, केशनी मॅडम. ब्लर काढा, प्लीज."

पडद्यावर तपासणीवाला होता. नाव, 'अनुप बी.' तिशीतला, इस्त्रीचा शर्ट. त्याच्या मागची खोली मात्र धुरकट करून ठेवली होती.

"पहिली भिंत. हं. दुसरी. हं. तिसरी."

पडद्यात आता खिळ्यावरचा फोटो आला.

"जरा थांबवा."

तिनं लॅपटॉप तिथंच धरला. खाली माय कढईत काहीतरी परतत होती, तो आवाजसुद्धा बंद झाला. पलीकडून की-बोर्डचा खटखटाट नाही, हुंकार नाही. पुण्याच्या बाईनंसुद्धा एवढाच वेळ घेतला होता.

"चौथी," तो म्हणाला. "आता खाली. फ्लोअर."

तिनं लॅपटॉप वाकवला. निळ्या फळ्या पडदाभर पसरल्या.

"हा रंग तुम्ही निवडला?"

"हो." कार्डावर राखाडी होता, वाळून निळा झाला, हे सगळं तोंडाशी आलं होतं. ते तिनं गिळलं.

"चालता यावर?"

कसला प्रश्न हा, तिच्या मनात आलं. कंपनीच्या यादीत हा प्रश्न नव्हता. ती यादी तिला पाठ होती.

"चप्पल जिन्यावर काढून चालते," ती म्हणाली.

तो खाली पाहून काहीतरी लिहीत राहिला.

"डाव्या बाजूची वायर टेपनं चिकटवून घ्या. बाकी ठीक आहे. अप्रूव्ह करतो."

पडदा काळा झाला. सुकेशनी बसून राहिली. पास झालो, हे मनाला सांगायला तिला वेळ लागत होता. तेवढ्यात कोपऱ्यात चॅटची खिडकी उघडली.

'जय भीम, सुकेशनीताई.'

'सु' सकट, कंपनीच्या कागदांवर होतं तसं. तिनं बोट की-बोर्डवर नेलं. ज वर ठेवलं. दाबायच्या आत ती ओळ नाहीशी झाली आणि तिथं फिकट अक्षरं आली: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

जिन्यातून बापाचं डोकं वर आलं.

"झालं का वं?"

"झालं. पास."

"काय म्हणला तो?"

ती त्या फिकट ओळीकडे पाहत होती. बोट अजून अक्षरावरच होतं.

"रंगाचं विचारलं त्यानं. कोणी निवडला म्हणे."

"त्याले काय लागते विचाराले," इंद्रभान म्हणाले. "त्याले कुठी पाय ठेवाचा हाय त्यावर?"

सुकेशनीनं फळ्यांवरून पाय उचलले आणि खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. मग हळूच लॅपटॉपचं झाकण लावलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "तोही नाही ठेवणार."