कुंड उपसण्याचा दिवस

अजाणता घडलेल्या अन्यायाबद्दल मनुष्याला फारसा दोष देता येत नाही. पण तो ध्यानात आल्यावर मौनात घालवलेला प्रत्येक दिवस हा नवा अन्याय असतो. निवृत्तीभाऊ गेल्या उन्हाळ्यापासून अशा दिवसांच्या भाराखाली वाकले होते.

लोणावळ्यापलीकडच्या डोंगरात वसलेल्या त्यांच्या वाडीत अक्षय्य तृतीयेच्या आधी कुंड उपसण्याची रीत आहे. वरच्या आळीतले पुरुष पायताणे काढून उतरतात आणि गाळ काढतात. कुंडातून निघणारा ओढा खालच्या आळीची गुरे आणि भाजीचे वाफे पावसाळ्यापर्यंत जगवतो.

यंदा गाळ निघाला, पाणी निघाले नाही. तळाशी नुसती ओल होती.

"आजून खांदा की भाऊ," काठावर बसलेली खालच्या आळीतली भामाबाई म्हणाली. "लोनावळ्याचं टेसन लागंपतुर खांदा."

चारजण हसले. तिची म्हैस गाभण होती आणि वाफ्यातली वांगी माना टाकू लागली होती, हे सर्वांना ठाऊक होते. मग ती हळूच म्हणाली, "अमृतच्या हौदात पोरं पवत्यात म्हनं. आमची म्हस तितं आनू का?"

"आन," भाऊ म्हणाले, "पन तिकीट काढावं लागंल."

या वेळी कोणी हसले नाही.

अमृत हा त्यांचा मुलगा. कुंडाच्या वरच्या माळावर त्याने पर्यटकांसाठी खोल्या आणि पोहण्याचा हौद बांधला, तेव्हा बोअरची जागा दाखवायला पाणाड्या आला होता. त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ एका जागी उभा राहिला आणि सर्वांनी हात जोडले. भाऊंनी स्वतः त्या जागेला हळदकुंकू वाहिले, कुंडातले पाणी शिंपडले. बोअरला भरपूर पाणी लागले. देवाने नवे पाणी दिले, असे त्यांनी मानले.

पाणी नवे नव्हते. पाहुण्यांची गर्दी झाली की कुंड खाली जाई, गर्दी ओसरली की सावकाश वर येई. गेल्या उन्हाळ्यात भाऊंनी हे पाहिले आणि ते गप्प राहिले.

आता हातपाय न धुताच ते माळावर गेले. चढ सोसवत नव्हता.

"आबा, बोर लय खोल हाय," अमृत म्हणाला. "वढा वरनं वाहतो. दोन्हीचा काय मेळ?"

"पावसाळा सरून किती म्हैनं झालं? वढ्याला पानी देतंय कोन?"

अमृतने वर डोंगराकडे पाहिले.

"डोंगरच ना? प्यालेलं हळूहळू सोडतोय. त्याच्या पोटात तू मोटर सोडलीस, आन मी वर कुकू लावलं."

"सुट्टीची बुकिंगं घेतल्यात. लोकान्ला काय सांगू?"

"आंघुळीपुरतं पानी हाय म्हनावं. जास्ती हवं तर तुंगार्लीचं तळं बघून या."

"निम्मी येनार न्हाईत."

"व्हय," भाऊ म्हणाले. ते हौदाच्या कठड्यावर टेकले. त्यांच्या पायांवरचा गाळ वाळत होता; अमृत त्याकडे पाहत राहिला.

"मोटर खोल्यांपुरती चालवतो," शेवटी अमृत म्हणाला. "हौद न्हाई भरत आता."

त्यानंतर पुष्कळ दिवस काहीच घडले नाही. डोंगराला घाई नसते. भामाबाईची वांगी वाळून गेली. म्हशीसाठी ती लांबच्या विहिरीवरून पाणी वाहू लागली. भाऊ रोज सकाळी कुंडाशी बसत आणि थकून परतत.

वैशाख सरता सरता एके दिवशी कातळाच्या भेगेतून सुतासारखी धार पाझरताना दिसली. ओढा वाहण्याजोगी ती नव्हती. भामाबाईने खाली कळशी लावली.

"येवढंच?" ती म्हणाली.

"सध्या येवढंच."

"म्हशीचं भागंल," असे म्हणून ती सावलीला बसली. तिने भाऊंनाही जागा करून दिली, आणि दोघे कळशी भरण्याची वाट पाहू लागले.

त्या दोघांना, माळावर रिकामा हौद झाडणाऱ्या अमृतला आणि सावकाश देणाऱ्या त्या डोंगराला स्वस्थता लाभो.