साठ कॉलरी

धाकटीला वाटत होतं, आपण फार मोठा शहाणपणा केलाय. शर्टांच्या त्या कारखान्यात ती आणि तिची थोरली जाऊ शेजारीशेजारी कॉलरी शिवत. शिवाल तेवढे पैसे, अशी तिथली रीत. दोन वर्षांपूर्वी थोरलीची नजर अधू झाली, हात मंदावला. तेव्हापासून धाकटी रोज पंधराएक कॉलरी गुपचूप थोरलीच्या टोपलीत सरकवायची. पैसा कुणाच्याही नावावर पडो, चूल एकच होती. जिने आपल्याला मशीनवर बसायला शिकवलं तिला कमीपणा यायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

मग किमान वेतन वाढवायचं विधेयक आलं. दिवस भरला की ठरलेला पगार द्यायचा, आणि तोही आतापेक्षा बरा. धाकटी हरखली. पाठिंब्याच्या अर्जावर तिने अख्ख्या कारखान्याच्या सह्या गोळा केल्या. विधेयकावर अजून चर्चाच चालली होती, पण मालक काही दुधखुळा नव्हता. त्याने वर्षभराची वही काढून सरळ सांगितलं, "कायदा झाला तर एवढ्या पगारात सगळ्यांना ठेवणं मला झेपणार नाही. रोज साठ भरतात त्या राहतील."

वहीत थोरली साठवर होती आणि धाकटी पंचावन्नवर. घ्या आता! खरं सांगावं तर थोरली घरी बसणार, गप्प बसावं तर आपण.

घरी जेवताना थोरलीच म्हणाली, "मालकाला सांगून टाक, त्या कॉलरी तुझ्या होत्या म्हणून."

"कसल्या कॉलरी, ताई?"

"टोक उलटवायची तुझी पद्धत माझ्या बोटांना कळत नाही होय गं? मीच शिकवलीय. आणि तू गेलीस तर मी तिथे दोन दिवस तरी टिकेन का?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

थोरली भात चिवडत म्हणाली, "संध्याकाळी मोजणी झाली की माझ्या नावापुढे साठ म्हणायचे. ऐकायला बरं वाटायचं."

धाकटीच्याने मालकाला सांगणं होईना. शेवटी दुसऱ्या दिवशी थोरलीनेच मालकाला गाठलं. "आम्हा दोघींना आज लांब लांब बसवा आणि कॉलरी मोजा."

धाकटी मुद्दाम रेंगाळत शिवत होती. दुपारी थोरली तिच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "हात चोरू नकोस. माझं नाव घालवशील."

संध्याकाळी थोरलीच्या त्रेचाळीस भरल्या, धाकटीच्या चौऱ्याहत्तर. मालकाने ठेवायच्या बायकांच्या यादीत थोरलीच्या जागी धाकटीचं नाव घातलं. धाकटीला रडू आवरेना.

"अर्जावरची सही खोडून येते मी," ती म्हणाली.

"खबरदार. डोळे जाईपर्यंत शिवलं मी, आणि हातात काय आलं? होऊ दे तो कायदा. तुझं तरी तसं नको व्हायला."

थोरलीने मशीन कापडाने झाकलं. दाराबाहेरच्या तीन पायऱ्या ती रोज भिंतीला धरून, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी उतरायची. आज तिने सगळ्यांदेखत धाकटीचा हात मागितला.