चार बोटं वर

"हलू नकोस रे, टोचली की मग बोंबलशील," तोंडातल्या टाचण्या सांभाळत आत्या म्हणाली आणि भाच्याच्या पाठीवरचं कापड चिमटीत धरून तिनं एक टाचणी खुपसली.

दुकानातल्या मोठ्या आरशासमोर भाचा शहाण्यासारखा उभा होता. पुढच्या आठवड्यात त्याचं लग्न. कोट खांद्यांवर असा काही बसला होता की आत्या स्वतःवरच खूश झाली. तेवढ्यात भाच्यानं खाली पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"आत्या, अगं, पॅन्ट घोट्याच्या वर चार बोटं हवी म्हटलं होतं मी."

"ऐकलं होतं."

"मग ही बुटावर लोळतेय की!"

"लोळत नाही, टेकतेय. पॅन्टीनं बुटावर टेकायचंच असतं."

मागच्या टेबलापाशी आत्याचा धाकटा भाऊ, म्हणजे या नवरदेवाचा बाप, इस्त्री करत होता. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो बहिणीच्या दुकानात इस्त्रीला उभा राहायचा. बोलायचा कमीच. आताही त्यानं नुसतं वर बघितलं आणि पुन्हा इस्त्री फिरवू लागला.

फॅशनशी आत्याचं वाकडं नव्हतं. वाकडं कसं असेल, तिच्यावरच तर दुकान चाललं होतं. रस्ता झाडत जाणारे बेलबॉटम तिनं शिवले, सशाच्या कानांएवढ्या कॉलरी शिवल्या, कमरेला चुण्याच चुण्या असलेल्या ढगळ पॅन्टी शिवल्या, आणि मग ज्यांत पाय घालायला भिंतीचा आधार लागावा अशा तंगही शिवल्या. गिऱ्हाइकानं फोटो दाखवायचा अवकाश, तिची कात्री तयार. "लोक हसायचे ते पुढच्या वर्षी हसतील, यंदा तू मिरवून घे," असं ती छातीठोकपणे सांगायची. पण घोटा उघडा टाकणारी पॅन्ट काही तिच्या दुकानातून कधी बाहेर पडली नाही.

"सगळे तशीच घालतात गं," भाचा म्हणाला. "नाहीतर राहू दे. कोट तुझा घालतो, पॅन्ट बाहेरून आणतो."

आत्यानं तोंडातल्या टाचण्या काढून हातावर ठेवल्या.

"आण की! घरच्या लग्नात बाहेरची पॅन्ट. सांग सगळ्यांना, आत्याची कात्री गंजली म्हणून." तिचा आवाज चढला. "आखूड पॅन्ट म्हणजे काय असतं, ते तुझ्या बापाला विचार. भराभरा उंच झाला हा, आणि नवी पॅन्ट घेण्याची ऐपत नव्हती. आईनं दुमड उसवून उसवून सोडली, शेवटी सोडायलाही कापड उरलं नाही. शाळेच्या फाटकात पोरं एका पायावर उभी राहायची आणि ओरडायची, बगळा आला, बगळा आला! तेव्हा पहिल्यांदा मशीनवर बसले मी. माझ्या परकराची पट्टी कापून याच्या पॅन्टीला खाली जोडली."

भाच्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं बापाकडे पाहिलं. बापाची पॅन्ट नेहमीसारखी टाचेखाली गेली होती आणि तिची कड झिजून सुतं लोंबत होती. ताईच्या हातची पॅन्ट, दर वेळी थोडी जास्तच लांब.

बापानं इस्त्री उभी करून ठेवली.

"ताई, खडू दे."

तो गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसला, मुलाच्या घोट्यावर स्वतःची चार बोटं आडवी ठेवली आणि त्यांच्या वर रेघ मारली.

"इथं घे."

"अरे, विसरलास का, पोरं काय म्हणायची ते?"

"बगळा." तो हसला. "मला आवडायचं गं ते नाव. एका पायावर माझ्याएवढं कुणालाच उभं राहता यायचं नाही. पैज लावायचो आम्ही. रडत घरी यायचीस ती तू."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली.

"मग इतकी वर्षं तोंडात काय धरून बसला होतास?"

"तू एवढ्या मायेनं शिवायचीस. कसं सांगणार? जिन्यात दोनदा आपटलो, तेवढंच."

आत्याला राग आला, हसू आलं, आणि त्या दोन्हींच्या आड रडूही आलं. ज्याला आपण जन्मभर झाकत आलो, त्याचं काही उघडं पडलंच नव्हतं.

"मेल्या," ती एवढंच म्हणाली.

मग पदरानं नाक पुसून ती कामाला लागली. भाच्याची पॅन्ट रेघेवर दुमडून तिनं टाचण्या लावल्या. "जास्तीचं कापड आतच ठेवते. लांबीची फॅशन परत आली की उसवून सोड. येणारच आहे ती."

भाच्यानं आरशात पाहिलं. घोटे उघडे, कोट ऐटदार.

"झक्कास!"

"ते मला माहितीये. हो बाजूला." आत्या भावाकडे वळली. "तू ये आता इथं."

"मी कशाला?"

"ये म्हटलं ना."

तो आरशासमोर आला. ती खाली बसली, झिजलेली कड वर सारली आणि त्याच्या काटकुळ्या घोट्यावर आपली चार बोटं ठेवली. तिला नीट दिसावं म्हणून त्यानं तो पाय उचलून धरला.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"नाही हलत," तो म्हणाला, आणि कशालाही न धरता, एका पायावर, तिचं काम होईपर्यंत उभा राहिला.